गाडी वाहून नेणाऱ्या ट्रेलरचे टायर बदलताना या चुका टाळा

मोटारीचे टायर बहुधा धावून झिजतात. ट्रेलरचे टायर मात्र बरेचदा उभ्या उभ्याच म्हातारे होतात. महिनोन्‌महिने ट्रेलर एका जागी उन्हात उभा राहतो, रबर कडक होत जाते आणि नक्षी शाबूत दिसत असतानाच टायर आतून कमजोर झालेला असतो. म्हणून नुसती खाचांची खोली पाहून ‘अजून एक वर्ष निघेल’ असे म्हणणे मला सर्वांत घातक वाटते.

वय टायरवरच लिहिलेले असते. बाजूवरील ‘डीओटी’ (अमेरिकी वाहतूक खात्याची खूण) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक पाहावेत, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. हे अंक अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि नेमकी तीच बाजू आत गेलेली असते, त्यामुळे बॅटरी घेऊन ट्रेलरखाली वाकण्याला पर्याय नाही. वाकलोच आहोत तर रिमलगतच्या रबरावरून अंगठा फिरवावा, कारण केसासारख्या बारीक भेगा प्रथम तिथेच हाताला लागतात. पाच-सहा वर्षे उलटलेला टायर वरून कितीही चांगला दिसला, तरी त्यावर गाडी लादू नये.

दुसरी चूक निवडीत होते. घरात पडून असलेला मोटारीचा टायर त्याच मापाचा आहे म्हणून ट्रेलरला बसवला जातो. पण खास ट्रेलरसाठीच्या ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर) टायरच्या बाजू अधिक ताठ असतात, आणि मोटारीचा टायर ट्रेलरला लावायचा झाल्यास त्याची भारक्षमता 1.1 ने भागून धरावी लागते. माप तेच असले तरी क्षमता तीच असेल असेही नाही. 205/75 आर 15 मापाचा ‘सी’ भारश्रेणीचा एसटी टायर सुमारे 825 किलो पेलतो, तर ‘डी’ श्रेणीचा सुमारे 975 किलो. दोन ॲक्सलचा ट्रेलर 900 किलोंचा आणि वरची गाडी 1900 किलोंची असेल, तर चार टायरांवर सरासरी 700 किलो येतात आणि ‘सी’ पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात गाडी थोडी पुढे-मागे उभी राहिली तरी एका ॲक्सलवर जादा भार पडतो, म्हणून मी इथे ‘डी’च घेईन.

मात्र ‘सी’ला पूर्ण भारासाठी 50 पीएसआय हवा लागते आणि ‘डी’ला 65. तेवढा दाब रिम आणि व्हॉल्व्ह सोसतात का, हे आधी तपासावे; 80 पीएसआयच्या ‘ई’ श्रेणीला साधा रबरी व्हॉल्व्ह चालत नाही. हवा टायर थंड असताना, बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी भरावी. कमी हवेचा टायर भाराखाली सतत दबतो, तापतो आणि अखेर फुटतो.

जुना टायर टाकून देण्यापूर्वी त्याची झीज वाचून घ्यावी. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती आणि फक्त मध्यभाग झिजला असेल तर जास्त. एकच कड खाल्ली गेली असेल तर ॲक्सल वाकल्याचा किंवा चाके सरळ रेषेत नसल्याचा संशय घ्यावा. हा दोष तसाच ठेवला तर नवा टायरही त्याच वाटेने जाईल. ठिकठिकाणी खळगे पडले असल्यास चाक उचललेले असतानाच ते वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग पाहावे लागेल.

काम करताना ट्रेलर रिकामा, ओढणाऱ्या वाहनाला जोडलेला आणि बाकीच्या चाकांना ठोकळे लावलेला असावा. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. जॅक ॲक्सलच्या नळीखाली न लावता चौकटीखाली, ॲक्सलजवळ लावावा. नट समोरासमोर आळीपाळीने, टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि साधारण 80 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत, कारण नव्या रिमचा रंग दबून ते सैल पडू शकतात.

दोन ॲक्सलच्या ट्रेलरचा एक टायर फुटला तर त्या बाजूचा जवळपास सगळा भार शेजारच्या टायरने सोसलेला असतो. तो वरून धड दिसला तरी दोन्ही टायर एकदमच बदलावेत. त्याच वेळी स्टेपनीवरचे अंकही वाचावेत. कधीच न वापरलेली ती स्टेपनी बहुधा ट्रेलरइतकीच जुनी असते.