दमट हवेत तापमान-नियंत्रकाचे संवेदक कार्ड बसवताना

रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागच्या प्रयोगशाळेत तापमान-नियंत्रकात नवे संवेदक कार्ड (संवेदकाचे वाचन घेणारे सर्किट) बसवायचे असेल, तर स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्याआधी हवेचा विचार करावा. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून आणलेले कार्ड दमट खोलीत लगेच उघडले, तर त्यावर दव धरते आणि खाऱ्या हवेतला क्षार त्यात विरघळून सूक्ष्म विद्युतगळती सुरू होते. म्हणून बंद पाकीट दोन-तीन तास त्या दमट खोलीतच राहू द्यावे.

नियंत्रक बंद करून २३० व्होल्टचा प्लग भिंतीतून काढावा, हीटरची जोडणीही सोडवावी आणि कॅपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबावे. जुन्या वायरींचा फोटो घ्यावा. अर्थिंगचा मनगटी पट्टा बांधून कार्ड कडांनीच धरावे. स्लॉटच्या संपर्कांवर हिरवट थर असल्यास तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावा, मग दोन्ही टोकांना सारखा दाब देत कार्ड बसवून स्क्रू आवळावेत.

सर्वाधिक चुका होतात त्या वायर जोडताना. चार वायरींच्या पीटी-१०० संवेदकाच्या (शून्य अंशाला १०० ओहम आणि तापमानाबरोबर वाढणारा रोध असलेल्या प्लॅटिनमच्या संवेदकाच्या) प्रत्येक टोकाला दोन वायरी असतात. मल्टिमीटर लावला की एकाच टोकाच्या जोडीत जेमतेम वायरीचाच रोध दिसतो, तर दोन टोकांमध्ये २७ अंश सेल्सियसला सुमारे ११०.५ ओहम मिळतात. प्रत्येक टोकाची एक वायर प्रवाहासाठी आणि दुसरी व्होल्टेज मोजण्यासाठी जोडावी. दोनच वायरी वापरल्या, तर त्यांचा एक ओहम रोधही वाचन सुमारे २.६ अंशांनी वाढवतो, आणि हे मी सहन करण्याजोगे मानत नाही.

झाकण लावून, मेनूत संवेदकाचा प्रकार निवडून, संवेदक वितळत्या बर्फात बुडवून शून्य अंशाची तपासणी करावी. त्यासाठी मिरकरवाड्याच्या बंदरावरचा मासळीचा बर्फ घेऊ नये, कारण त्यात मीठ मिसळलेले असू शकते आणि मिठाने वितळणबिंदू उतरतो; ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ ठेचून त्याच पाण्यात कालवावा. ब या अचूकता-वर्गाच्या संवेदकाला शून्य अंशाला ०.३ अंश कमी-जास्त दाखवण्याची सूट असते. उकळत्या पाण्याची वाफ वापरणाऱ्यांनी वायुभारमापक पाहावा, कारण समुद्रकिनारीही दाब १००० हेक्टोपास्कलला आला की पाणी सुमारे ९९.६ अंशांना उकळते.

शेवटी, प्लग पुन्हा काढूनच हीटर जोडावा, नियंत्रक सुरू करून लक्ष्य-तापमान चालू वाचनापेक्षा थोडे वर ठेवावे आणि संवेदकाचा बाहेरचा प्लग काढून पाहावा. हीटर तत्काळ बंद होऊन इशारा दिसला पाहिजे; तो तापतच राहिला, तर त्याचे कारण सापडेपर्यंत नियंत्रक वापरात घेऊ नये.