पन्नाशीनंतर कोकणातल्या आडवाटांची मॅरेथॉन

रस्त्यावरची मॅरेथॉन किलोमीटरमध्ये मोजतात. कोकणातल्या आडवाटांची तासांत मोजावी. ४२ किलोमीटरच्या अशा वाटेवर आधी पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मग अंगावर येणारी पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, वर उघडा सडा म्हणजे कातळाचं पठार, पलीकडे काजूच्या बागेतून घसरता उतार, खाली खाडीचा बांध आणि पुन्हा पाखाडी, असं चक्र सात-आठ वेळा फिरतं. किनाऱ्यालगतचे सडे फार उंच नसतात, शंभर-दीडशे मीटरच. पण सारखं खाली-वर करून एकूण चढ हजार-दीड हजार मीटर सहज भरतो, आणि जेवढा चढ तेवढाच उतार. पन्नाशी ओलांडलेला धावक शर्यत सोडतो तो बहुधा या उताराने मांड्या गेल्यामुळे, नाहीतर दहानंतरच्या उन्हामुळे. दम संपून थांबणारे त्यामानाने थोडे. तयारीही त्याच क्रमाने करावी.

नाव नोंदवण्याआधी वेळेचा हिशेब मांडा. दर १०० मीटर चढाला सपाटीचा एक किलोमीटर धरायचा. ४२ किलोमीटर आणि १४०० मीटर चढ म्हणजे ५६ किलोमीटर. तुमचा आरामात धावायचा वेग किलोमीटरला ८ मिनिटं असेल तर ४४८ मिनिटं, म्हणजे साडेसात तास. वाळू आणि उकाड्याचा अर्धा-पाऊण तास वर धरा. आयोजकांची मुदत आठ तासांची असेल तर हातात काहीच शिल्लक राहत नाही. अशा वेळी निम्म्या अंतराची शर्यत घेण्यात कमीपणा नाही.

डॉक्टरांकडे काय विचारायचं

नुसतं 'तब्येत ठीक आहे ना' विचारून भागत नाही. ईसीजी, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, एवढं करून घ्या. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर शर्यतीच्या सकाळचा डोस घ्यायचा की नाही, हे स्पष्ट विचारा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयविकारावरचं औषध) चालू असेल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यांवर विसंबता येत नाही, कारण ते औषध ठोके नेहमीइतके वाढू देत नाही. इतरांना २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र चालतं: ५८ व्या वर्षी कमाल ठोके साधारण १६७, त्याच्या पाऊणपट म्हणजे १२५ च्या आसपास लांबची धाव. मात्र हे सरासरीचं सूत्र आहे. धावताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही कसोटी जास्त खरी.

डायक्लोफेनाक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या शर्यतीआधी किंवा धावताना घेऊ नका. घामाने पाणी उतरलेलं असताना त्या मूत्रपिंडावर घाव घालतात.

चोवीस आठवडे

शर्यत जानेवारीत असेल तर सराव जुलैच्या मध्यात सुरू होतो, म्हणजे भर पावसात. त्या वेळी दोन तास न थांबता हळू धावता येत असावं. तेवढी बैठक नसेल तर एक वर्ष थांबा. आठवड्यात तीनच धावा: मंगळवारी तासभर सोपी, गुरुवारी पाखाडी, रविवारी लांब. दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि दोन दिवस चालणं किंवा पूर्ण आराम. तरुण मंडळी तीन आठवडे वाढवत नेऊन चौथा हलका ठेवतात. पन्नाशीनंतर दोन वाढीचे आणि तिसरा हलका हेच अंगाला मानवतं. रविवारची धाव दोन तासांपासून पाच तासांपर्यंत न्यायची, त्यापुढे नाही. शेवटची लांब धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी.

पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरतं आणि कुठल्याही बुटाचा तिथे टिकाव लागत नाही. म्हणून दसऱ्यापर्यंत पाखाडी फक्त चढायची आणि डांबरी रस्त्याने उतरायचं. सड्यावर तर दाट धुक्यात जाऊच नका, वाट हरवते. भातखाचरांतून जावं लागलंच तर पायावरची जखम आधी जलरोधक पट्टीने झाका. त्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होतो.

उतार शिकावा लागतो

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत वजन झेलतो. त्यामुळे त्यात सूक्ष्म इजा होतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळून येतं. चांगली गोष्ट अशी की थोडा उतार झेलला की स्नायू पुढचे काही आठवडे त्याला सरावलेला राहतो. म्हणून पाऊस सरला की दर गुरुवारी खराखुरा उतार हवाच. तीनशे पायऱ्यांची पाखाडी म्हणजे साधारण ५५ ते ६० मीटर. तीन फेऱ्यांपासून सुरुवात करून आठ फेऱ्यांवर या. चढताना धावू नका, हात मांडीवर टेकून चाला. उतरताना पावलं आखूड, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल कमरेच्या खालीच पडलं पाहिजे. भीतीने अंग मागे टाकलं की टाच आधी टेकते आणि घसरते. काजूच्या पाचोळ्याखालची जांभ्याची रेव पायाखाली गोट्यांसारखी सरकते, तिथे हमखास असंच पडायला होतं. शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या दहा-चौदा दिवस आधी घ्या आणि मग थांबा.

घरचा व्यायाम जिन्यावर होतो. १८-२० सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसऱ्या पायाची टाच चार मोजत खाली टेकवा, परत वर. एकेका पायाचे दहा, असे तीन फेरे. गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. सहा आठवड्यांनी पाठीवर चार-पाच किलोंची पिशवी. पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं: गुडघे सरळ ठेवून १५ चे तीन फेरे, मग गुडघे वाकवून तेवढेच. वाकवलेले बहुतेक जण टाळतात, आणि वाळूत टाचेची शीर दुखते ती त्यांचीच.

चश्म्याचं कोणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काचेचा खालचा भाग वाचायचा असतो. उतरताना त्याच भागातून पायरी दिसते आणि धूसर दिसते. फक्त लांबच्या नंबरचा एक साधा चश्मा करून घ्या, मागे दोरी लावा. वयाबरोबर अंधारात दिसणंही कमी होतं, तेव्हा पहाटेच्या टप्प्यासाठी ३०० ल्युमेनची विजेरी घ्या. डोक्यावर लावण्यापेक्षा कमरेला लावली तर दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि खाचखळगे आधी कळतात.

पुळण आणि तिथी

ओहोटीची ओली वाळू जवळजवळ रस्त्यासारखी घट्ट असते, भरतीला मात्र वरच्या भुसभुशीत वाळूतून जावं लागतं. गुहागरसारख्या लांब पुळणीवर या फरकाने अर्धा तास इकडचा तिकडे होतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे कामी येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती. चतुर्थीला तीन वाजता. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. म्हणजे पहाटेच्या सरावाला पुनव-अवस आणि त्यापुढचे तीन-चार दिवस उत्तम. अष्टमीच्या सकाळी पुळणीवर न गेलेलं बरं, जरी भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमारच्या लहान भरतीचं, पाणी फार वर चढत नसलं तरी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून शर्यतीच्या दिवसासाठी भरती-ओहोटीचा छापील तक्ताच पाहा, विशेषतः वाट खडपांवरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवरून, जात असेल तर. उधाणाच्या (पुनव-अवसेच्या मोठ्या) भरतीला काही खडपं पाण्याखाली जातात.

पुळण समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने धावलं की एक पाय कायम खाली राहतो आणि कंबर धरते; जातानाइतकंच येतानाही तिथूनच धावा. सकाळी रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) दोर वाळूत आडवे असतात, ते पाहून ओलांडा. खडपांवर हात टेकताना कालवांकडे (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांकडे) लक्ष द्या. त्यांची धार ब्लेडची असते, म्हणून पातळ हातमोजे न्यावेत.

पायात आणि पाठीवर

बुटाच्या तळाचे दाते चार मिलिमीटरच्या आसपास पुरतात. त्याहून खोल दाते कातळावर डगमगतात. मऊ रबर जांभ्यावर महिन्या-दोन महिन्यांत घासतं. माप नेहमीपेक्षा अर्ध्या आकड्याने मोठं, कारण पाऊल सुजतं आणि उतारावर अंगठ्याचं नख पुढे आपटतं. नखं चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नव्हे. घोट्यावर गेटर (बुटाचं तोंड झाकणारी कापडी पट्टी) बांधला तर वाळू आत जात नाही. पायाला व्हॅसलीन लावा. खोबरेल पहिल्याच पऱ्यात (ओढ्यात) धुऊन जातं. मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि वाटेवरचं शेवटचं पाणी ओलांडल्यानंतरच बदला. काठ्या पाखाडीवर गुडघे वाचवतात, पुळणीवर रुततात. तिथे त्या घडी करून पाठीला लावा. साकवावर (ओढ्यावरच्या लहान पुलावर) एकेकाने जायचं, धावायचं नाही.

पाणी, मीठ, खाणं

वयाबरोबर तहान उशिरा लागते, त्यामुळे तहानेची वाट पाहू नका. पण घटाघटाही पिऊ नका. स्वतःचा घाम मोजा: तासभर धावण्याआधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा. ८०० ग्रॅम घटलं आणि ३०० मिली प्यालात, तर घाम १.१ लिटर. त्यातलं अर्धं ते दोन तृतीयांश दर तासाला भरून काढायचं, म्हणजे इथे ५५० ते ७५० मिली. वजन वाढलं तर जास्त पाणी पोटात गेलंय. बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, मळमळ, डोकं जड होणं ही रक्तातलं सोडियम उतरल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी साधं पाणी पिणं थांबवा आणि वैद्यकीय पथकाला गाठा.

ओआरएसची लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरात घातली तर पोट ढवळतं. घरचं करायचं तर लिटरला तीन मोठे चमचे साखर, पाव चहाचा चमचा मीठ आणि चवीपुरतं कोकम. आगळ (कोकमाचा दाट रस) वापरलं तर मीठ घालू नका, त्यात ते आधीच असतं. शहाळं छान, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फार कमी. एकट्या शहाळ्यावर आठ तास निघत नाहीत.

दर तासाला ४०-५० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एक मोठं केळं साधारण २५ ग्रॅमचं. आंबापोळी, फणसपोळी, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, सगळं चालतं. दर २५ मिनिटांनी दोन घास. तासाभराने एकदम खाल्लं की उकाड्यात पोट उलटतं. शर्यतीत खायचं ते आधी किमान चार रविवारी खाऊन पाहिलेलं असावं.

वाटेवरचं

जांभ्याच्या दगडाखाली, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत फुरसं हा विषारी साप असतो. बसताना आणि हात घालताना आधी पाहा. दंश झालाच तर पाय हलवायचा नाही, आवळून बांधायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही; १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचं. खाजकुयली लागली तर चोळू नका, चिकटपट्टीने कुसं उपटून काढा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माकडतापाचे (गोचिडीमुळे होणाऱ्या तापाचे) रुग्ण आढळले आहेत, तेव्हा तिकडच्या रानात डिसेंबरनंतर लांब पँट घाला आणि धावून झाल्यावर गोचिडी तपासा. आंब्याच्या बागेत फवारणी चालू असेल तर वळसा घ्या आणि बागेतल्या टाकीचं पाणी पिऊ नका. रानडुकरांसाठी लावलेल्या तारांच्या फासक्या अंधारात दिसत नाहीत, म्हणून अनोळखी आडवाटेवर उजेडाआधी सराव नको. वाडीत कुत्रं अंगावर आलं की थांबून चाला. अंगणातून वाट जात असेल तर 'येऊ काय हो?' एवढं विचारलं तरी पुरतं, बहुतेक ठिकाणी पाणीही मिळतं.

प्रत्यक्ष दिवशी

पहिले दोन तास लाज वाटेल इतके हळू जा. नऊच्या आत जितके सडे ओलांडता येतील तितके ओलांडा, कारण नंतर कातळ खालून तापतो आणि वर झाड नसतं. वेग त्यासाठीच राखायचा, पहिल्या पुळणीवर उधळायचा नाही. उन्हात प्रत्येक पऱ्यावर टोपी आणि मानेवरचा रुमाल भिजवा. थंडी वाजून अंगावर काटा आला, बोलणं अडखळलं किंवा पाय वेडेवाकडे पडू लागले, की सावलीत बसा आणि मदत मागवा. छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ आली तर शर्यत तिथेच संपली.

शेवट गाठल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. दोन तासांत मीठ घातलेली पेज आणि २५-३० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत: बांगडे, अंडी किंवा कुळथाचं पिठलं नि दही. पुढच्या तीन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली तर उशीर न करता रुग्णालयात जा, स्नायू विरघळून मूत्रपिंडात अडकत असण्याची ती खूण आहे. कठडा न धरता जिना उतरता येईपर्यंत धावणं बंद. त्यानंतर सपाटीवर अर्धा तास, आणि पाखाडीचा उतार तीन आठवड्यांनी.