घाटातल्या प्रवासाला किती वेळ? दिडकी-अडीचकी वापरा

अंतर भागिले वेग, की आला वेळ. सूत्र बरोबर आहे, शाळेत पाठही केलंय. अडतं ते ‘वेग’ म्हणून काय घालायचं यावर.

आधी रस्त्याचे टप्पे पाडा. पुण्याहून महाबळेश्वरमार्गे पोलादपूर घ्या: पुणे-वाई साधारण ८५ किलोमीटर, पसरणी घाटाने पाचगणी १२, तिथून महाबळेश्वर २०, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर ४०. एकूण १५७.

आता खरी गोम. हायवेला ताशी ६०, घाटात ३०, म्हणजे सरासरी ४५, असा हिशोब कुणी सांगितला तर ऐकू नका. मी तो स्वतःच केला होता. पोलादपूरला लग्न, मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा, आत्याला वाईहून घ्यायचं म्हणून हा रस्ता. १५७ भागिले ४५, म्हणजे साडेतीन तास. साडेआठला निघालो, वाटेत चहासुद्धा घेतला नाही, आणि कार्यालयात शिरलो तेव्हा पाऊण वाजला होता. आत्याने पर्समधून आणलेल्या अक्षता माझ्याच डोक्यावर टाकल्या.

चूक दोन ठिकाणी होती. घाटातला ३० हा आकडा मी स्पीडोमीटरच्या काट्यावरून उचलला होता. वळणं आणि पुढचे ट्रक धरले तर पडतात २४. त्याहून मोठी चूक म्हणजे वेगांची सरासरी काढणं. पसरणीच्या १२ किलोमीटरना अर्धा तास जातो, तेवढ्याच अर्ध्या तासात हायवेवर ३० किलोमीटर होतात. हळू जाण्यात वेळ जास्त जातो, त्यामुळे खरी सरासरी हळू वेगाकडे झुकते. चढताना ताशी ४० आणि त्याच रस्त्याने उतरताना ६० असेल तर सरासरी ५० येत नाही, ४८ येते. पटत नसेल तर १२० किलोमीटर जाऊन-येऊन मांडून बघा: तीन तास अधिक दोन तास, अंतर २४०.

म्हणून मी वेगाचा नादच सोडला. एका किलोमीटरला किती मिनिटं, एवढंच बघतो. ६० ला वेगाने भागा. ताशी ८० म्हणजे पाऊण मिनिट, ६० म्हणजे एक, ४८ म्हणजे सव्वा, ४० म्हणजे दीड, ३० म्हणजे दोन, २४ म्हणजे अडीच. आजोबांच्या पाउणक्या, दिडक्या आणि अडीचक्या, म्हणजे पाऊण, दीड आणि अडीचचे पाढे, इथे कामाला येतात. वर मांडलेला रस्ता असा: ८५ एके ८५, बारा अडीच ३०, पाचगणी-महाबळेश्वर ताशी ३० ने वीस दुणे ४०, चाळीस अडीच १००. बेरीज २५५ मिनिटं, म्हणजे सव्वाचार तास. पाऊण वाजता का पोचलो ते कळलं असेल. शिवाय सगळं मिनिटांतच असल्याने २.४ तासांना दोन तास चाळीस मिनिटं वाचण्याची भानगड उरत नाही. (ते दोन तास चोवीस असतात.)

याच मांडणीतून आणखी एक कळतं. हायवेवर ६० ऐवजी ८० ने गाडी हाणली तर ८५ किलोमीटरमध्ये २१ मिनिटं वाचतात. आणि दोन्ही घाटांत ट्रकमागे अडकून २४ चे २० झाले, तर ५२ किलोमीटरमागे अर्धं-अर्धं मिनिट, २६ मिनिटं गेली.

तुमच्या गाडीचा आकडा काढायला काटा बघू नका. किलोमीटरच्या दगडापासून मनगटावरचं घड्याळ लावा आणि १० किलोमीटरला किती मिनिटं लागली ते बघा. घाटाचा आकडा घाटातच काढायचा.

शहरातून बाहेर पडायचा वेळ वेगळा धरा. चहा-नाश्त्याचा अर्धा तास शेवटी मिळवा, टोलनाक्याचाही. मोबाईल हे सगळं सांगतोच की, असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, आत्याला पसरणीत गाडी लागते हे त्याला कुठे माहीत असतं? त्याची माझ्याकडे कायमची १० मिनिटं धरलेली असतात.