नॉक्सचा आकडा वाचायला शिकताना : गॅस टर्बाइनवर नव्याने येणाऱ्यांसाठी

पडद्यावर नॉक्सचे, म्हणजे धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांचे पीपीएम (दहा लाखांत किती भाग) वाढले की नवा इंजिनिअर आधी बर्नरवर संशय घेतो. त्याआधी शेजारचा ऑक्सिजन पाहा. धुरात जादा हवा असली की पीपीएम आपोआप कमी दिसतात, म्हणून तुलना नेहमी कोरड्या वायूत १५ टक्के ऑक्सिजन धरून करतात. मोजलेल्या आकड्याला ५.९ ने गुणायचं आणि २०.९ मधून मोजलेला ऑक्सिजन वजा करून उरेल त्याने भागायचं. १३.५ टक्के ऑक्सिजनवर मोजलेले २५ पीपीएम म्हणजे खरे २०. हे गणित हातात बसल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

नैसर्गिक वायूवर बहुतेक नॉक्स हवेतल्या नायट्रोजनपासूनच बनतो, आणि ज्योतीचं तापमान साधारण १८०० केल्विनच्या वर गेलं की झपाट्याने वाढतो. कार्बन मोनॉक्साइडचं नेमकं उलट: ज्योत थंड पडली की तो पूर्ण जळायच्या आत विझतो. दोन्ही आटोक्यात राहतात ती पट्टी चिंचोळी आहे, साधारण १६७० ते १९०० केल्विन. जुन्या डिफ्यूजन बर्नरला ती गाठताच येत नाही, कारण तिथे हवा आणि वायू ज्योतीतच भेटतात आणि नेमक्या प्रमाणात मिसळतात तिथेच जळतात. म्हणून पाणी किंवा वाफ फवारतात. पाणी जवळजवळ इंधनाच्या वजनाइतकं लागतं, तेही डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, नाहीतर पात्यांवर क्षार बसतात.

प्रीमिक्स बर्नरमध्ये गरजेच्या जवळपास दुप्पट हवा आधीच मिसळतात. इथे सर्वात जास्त घोळ पायलटच्या, म्हणजे मुख्य ज्योत धरून ठेवणाऱ्या छोट्या ज्योतीच्या, इंधनाच्या वाट्यात होतो. पायलट वाढवला की ज्योत स्थिर राहते, पण त्या जागी गरम ठिपका तयार होऊन नॉक्स चढतो. फार कमी केला तर दाबाची स्पंदनं सुरू होतात, लायनर (ज्वलनकक्षाचं आतलं अस्तर) आणि ट्रान्झिशन पीसला (तिथून गरम वायू टर्बाइनकडे नेणारा भाग) तडे जातात, नाहीतर ज्योतच विझते. त्यामुळे पायलट बदलताना एक डोळा स्पंदनांच्या आलेखावर हवाच. लोड उतरवताना इनलेट गाइड व्हेन (कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेली फिरती पाती) मिटून हवा कमी करतात, म्हणजे मिश्रण फार विरळ होत नाही. तरीही एका मर्यादेखाली मोनॉक्साइड उसळतोच.

हवामानही विसरू नका. कोकण किनाऱ्यावर जुलैत हवेत किलोमागे २० ग्रॅम बाष्प असतं. डिफ्यूजन ज्योतीसाठी प्रचलित आयएसओ दुरुस्ती लावली, तर ६.३ ग्रॅमच्या प्रमाण हवेपेक्षा केवळ या दमटपणामुळे नॉक्स सुमारे २३ टक्के कमी येतो. पावसाळ्यात केलेलं ट्यूनिंग जानेवारीच्या कोरड्या पहाटे मर्यादा ओलांडतं, त्याचं मूळ अनेकदा इथे असतं. वायूचा स्रोत बदलला, म्हणजे आयात एलएनजीऐवजी देशी वायू आला, तर वोबे निर्देशांक (त्याच नॉझलमधून, त्याच दाबाला वायू किती उष्णता देईल याचं माप) तपासा. सल्फर डायऑक्साइड मात्र इंधनातल्या सल्फरवरच ठरतो, बर्नर काही करू शकत नाही.

आकडा अचानक सुधारला तरी सावध व्हा. सॅम्पल लाइन थंड पडली की आत पाणी साचतं, नायट्रोजन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि नॉक्स खोटाच कमी दिसतो. आधी लाइनचा हीटर, मग कॅलिब्रेशन वायू. तरीही नॉक्स चढलेलाच असेल तर एक्झॉस्ट थर्मोकपलमधला (धुराचं तापमान मोजणाऱ्या, गोलाकार बसवलेल्या सेन्सरमधला) फरक पाहा: एकाच बाजूचे आकडे वेगळे दिसले तर त्या बाजूच्या कॅनचं (स्वतंत्र ज्वलनकक्षाचं) नॉझल तुंबलेलं किंवा गळत असण्याची शक्यता जास्त. फक्त धूर वळत वळत येतो, म्हणून थर्मोकपल ज्या कॅनच्या समोर आहे तोच दोषी असेल असं धरू नका. वळणाचा कोन लोडनुसार बदलतो.