जहाजाच्या मॉडेलवरची नांगराची साखळी : या चुका टाळा

आमच्या दारव्हा तालुक्यात नांगर म्हटला की तो शेतातला. समुद्र इथून रस्त्यानं सहाशे किलोमीटरच्या वर. तरी घरात बसून जहाजांची मॉडेल्स करणारे आता विदर्भातही आहेत. त्यांच्या कामाचे फोटो बघताना माझी नजर आधी नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, तिथल्या नांगराच्या साखळीवर जाते. तोफा, रेलिंग, रंग सगळं जीव ओतून केलेलं असतं आणि तिथेच गळ्यातल्या चेनसारखी चकचकीत साखळी लोंबत असते. एवढ्या एका गोष्टीनं जहाज खेळणं वाटायला लागतं.

न मोजता साखळी घेणं

बाकीच्या बहुतेक चुका यातूनच निघतात. विक्रांतच्या 1:350, म्हणजे खऱ्याच्या साडेतीनशेव्या हिश्श्याच्या, मॉडेलसाठी मी आठवडी बाजारातून "बारीक" साखळी आणली होती. हातात घेतली तेव्हा खरंच बारीक वाटली. घरी पट्टीवर ठेवली तर कडी 3 मिलिमीटर लांब. 3 गुणिले 350, म्हणजे खऱ्या जहाजावर एकेक कडी एक मीटरहून लांब, डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेपर्यंत येणारी. 262 मीटरच्या जहाजावरही अशी कडी नसते.

जहाजाच्या साखळीचं माप कडीच्या लोखंडाच्या जाडीवरून सांगतात. मध्ये आडवा दांडा, म्हणजे स्टड असलेल्या नेहमीच्या कडीची लांबी या जाडीच्या 6 पट आणि रुंदी 3.6 पट असते. कड्या एकमेकींत अडकलेल्या असल्यामुळे ताणलेल्या साखळीत प्रत्येक कडीमागं लांबी वाढते ती जाडीच्या फक्त 4 पट. साखळी 60 मिलिमीटरची धरली तर कडी 360 मिलिमीटर लांब. 1:100 स्केलला ती 3.6 मिलिमीटर होते आणि 10 सेंटीमीटरमध्ये साधारण 42 कड्या बसतात. 1:200 ला 83, आणि 1:350 ला तब्बल 146. दुकानात जाण्याआधी हा आकडा कागदावर लिहून न्या.

जहाजाच्या साखळीची जाडी कुठे मिळाली नाही तर नाळेचा स्पष्ट फोटो शोधा. डेकवरचं रेलिंग साधारण एक मीटर उंच असतं. कडी त्याच्या तुलनेत केवढी दिसते ते पट्टीनं मोजा. एक तृतीयांशाच्या थोडी वर भरली, तर साखळी 60 मिलिमीटरच्या आसपासची समजायला हरकत नाही.

पीळ दिलेली चेन उचलणं

सोनाराकडे किंवा बांगड्या-मण्यांच्या दुकानात "कर्ब" नावाची चेन सगळ्यात आधी पुढे येते. तिच्या प्रत्येक कडीला पीळ दिलेला असतो, म्हणून ती अंगावर सपाट बसते. गळ्यात तेच हवं असतं, जहाजावर नको. नांगराच्या साखळीत एक कडी आडवी तर पुढची तिला काटकोनात उभी असते. आपल्याला साधी "केबल" चेन हवी, लांबट कड्यांची, बिनपिळाची. दोरासारखी वळलेली "रोप" आणि चौकोनी कड्यांची "बॉक्स" चेन यांच्याकडे बघूही नका.

तालुक्याच्या ठिकाणी नाहीच मिळाली तर नागपूरला इतवारीत सराफा ओळीच्या आजूबाजूला दागिन्यांचं सुटं सामान मिळतं. सोबत पट्टी, भिंग आणि एक लोहचुंबक असू द्या. मी पहिल्यांदा एका काकांना दहा सेंटीमीटरमध्ये किती कड्या आहेत ते विचारलं, तर ते म्हणाले, "कड्या कोन मोजत राह्यते बाप्पा? वजन सांगा." पण भिंग हातात दिल्यावर त्यांनीच चार प्रकारच्या चेन काढून, मोजून दाखवल्या. साखळी चुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात तिला खरा गंज धरतो आणि डेकवर डाग उतरतात. तांब्याची किंवा पितळेचीच घ्या.

साखळी जिथे नव्हतीच तिथे लावणं

दिवाळीच्या किल्ल्यापुढे किंवा शाळेच्या प्रदर्शनात मराठ्यांच्या गुराबा-गलबतांना, म्हणजे आरमारातल्या जहाजांना, लोखंडी साखळी लावलेली दिसते. मुलांनी मन लावून केलेलं असतं, म्हणून हे त्यांना आधीच सांगायला हवं. सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664 मध्ये सुरू झालं. इंग्लंडमध्ये सॅम्युअल ब्राउननं जहाजासाठी साखळीचं पेटंट घेतलं ते 1808 मध्ये, आणि स्टडच्या कडीचं थॉमस ब्रंटनचं पेटंट 1813 चं. त्याआधी नांगर दोरालाच बांधलेला असायचा, आपल्याकडे काथ्याच्या. ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईतल्या व्हिक्टरी या इंग्रज जहाजाच्या नांगराचा दोर 24 इंच घेराचा होता, म्हणजे जवळपास 19 सेंटीमीटर जाड. 1:100 ला तो 2 मिलिमीटरचा दोरा होतो. त्याला थोडं मेण चोळलं की धाग्याची लव बसते.

स्टड विसरणं

मोठ्या ताणाखाली कडी चेपू नये आणि साखळीला गाठी पडू नयेत म्हणून कडीच्या मधोमध स्टड असतो. 1:350 आणि त्याहून लहान मॉडेलवर तो डोळ्याला दिसत नाही, सोडून द्या. 1:100 ला मात्र दिसतो, आणि सोनाराच्या चेनमध्ये तो नसतो.

तो घरी करता येतो. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आपल्याकडे गावोगावी आहे, कारण विहिरीवरचे पंप जळतात. तिथून 26, 28 आणि 30 गेजच्या तांब्याच्या तारेचे तुकडे मागून घ्या. या तारेवर इनॅमलचं पारदर्शक आवरण असतं. ते आधीच बारीक पॉलिश पेपरनं घासून काढा, नाहीतर पुढे तारेवर काळा रंग चढणार नाही.

शिवणाच्या 0.7 मिलिमीटरच्या दोन सुया शेजारी धरा, त्यांच्या मध्ये 28 गेजच्या तारेचा तुकडा ठेवा आणि टोकांना चिकटपट्टी लावा. यावर 26 गेजची, म्हणजे 0.45 मिलिमीटरची तार घट्ट, वेटोळ्याला वेटोळं लावून गुंडाळा. झालं की मधली तार पक्कडीनं ओढून काढा, सुया आपोआप सैल होतात. हातात राहतं ते लांबट वेटोळं. लांब बाजूच्या मधोमध सोनाराच्या करवतीनं चिरलं की कड्या सुट्या होतात, एकेक 2.7 मिलिमीटर लांब आणि 1.6 रुंद. हे प्रमाण खऱ्या कडीच्या अगदी जवळ जातं, आणि 1:100 ला ती साधारण 45 मिलिमीटरची साखळी होते. कड्या एकमेकींत ओवून मिटवून घ्या. स्टड शेवटी : 30 गेजच्या तारेचा इवला तुकडा चिमट्यानं बरोबर चिरेच्या जागी आडवा बसवा आणि सुईच्या टोकानं सुपरग्लूचा ठिपका द्या. चीर झाकली जाते आणि कडी उघडतही नाही. वीतभर साखळीला माझी एक दुपार जाते.

आवरण न काढता काळं करणं

नकली दागिन्यांच्या चेनवर मुलामा किंवा लाखेसारखा थर असतो. त्यावर काळं करणारं कुठलंच रसायन धरत नाही, ठिकठिकाणी पिवळे ठिपके राहतात. थर असेल तर साखळी थिनरमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशनं घासा. मुलामा निघत नसेल तर ती रंगवणंच बरं. स्वच्छ तांब्या-पितळेला मग चिंच आणि मीठ लावा, घरची भांडी घासतो तसंच. यानंतर बोट लावू नका, तेलकटपणा लागतो. चिमटाच वापरा.

सोनार ज्या पोटॅशियम सल्फाइडनं चांदी ऑक्सिडाइज करतात, त्यानं तांबं छान काळं होतं, पितळेवर मात्र फिकं चढतं. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते : चिंचेचा अंशही राहू देऊ नका. सल्फाइडमध्ये आम्ल मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. साखळी चार पाण्यांनी धुवा, काम अंगणात करा, मुलांना लांब ठेवा. नाहीतर सरळ ऑक्सिडाइजचं काम करणाऱ्या कारागिराकडे द्या.

रंगच द्यायचा असेल तर पातळ करून द्या. जाड प्रायमर कड्यांच्या भोकांत बसतो आणि साखळीची काडी होते. गंजाच्या छटेसाठी विकतची पावडर लागत नाही. गेरू म्हणजे आयर्न ऑक्साइडच, आणि गंजही तोच. चिमूटभर गेरू थिनरच्या थेंबात कालवून फक्त सांध्यांत सोडा. नौदलाच्या जहाजावर साखळी रंगवून नीट ठेवलेली असते, तिथे याहून कमी.

साखळी डेकवर मध्येच संपवणं

नाळेच्या बाजूला साखळीसाठी असलेल्या पाइपातून, म्हणजे हॉसपाइपमधून, साखळी डेकवर येते, विंडलासच्या, म्हणजे नांगर ओढणाऱ्या यंत्राच्या, चाकावरून जाते आणि डेकमधल्या पाइपातून खाली साखळीच्या कोठीत उतरते. विंडलाससमोर तिला गोंदानं थांबवू नका. डेकला छोटं भोक पाडून शेवटचे दोन सेंटीमीटर आत सोडा. जोडाच्या कडीजवळच्या काही कड्या जहाजावर पांढऱ्या रंगवलेल्या असतात, किती साखळी बाहेर गेली हे मोजता यावं म्हणून. अशा दोन जोडांमधला साखळीचा तुकडा म्हणजे एक शॅकल. ते 27.5 मीटरचं, म्हणजे 1:100 ला 27.5 सेंटीमीटर. तेवढी साखळी डेकवर दिसतच नसेल तर पांढरा रंग अंदाजानं कुठेही लावू नका.

साखळी ताठ राहते, सांधे पांढरे पडतात

लोंबणारी साखळी वजनानं झोळ घेते. तुमची ताठ राहत असेल तर रंग सांध्यांत वाळला आहे. दोन्ही टोकं धरून हळूच पुढेमागे हलवा, सांधे मोकळे होतात, आणि मग निघालेल्या रंगाच्या जागी बारीक ब्रशचा स्पर्श द्या. सुपरग्लूभोवती पांढरी बुरशीसारखी झाक येते ती जास्त गोंदामुळे आणि दमट हवेमुळे, म्हणून श्रावणात ठिपका आणखी लहान ठेवा आणि खिडकी उघडी. मे महिन्यात 45 अंशांत तोच गोंद बाटलीतच घट्ट होतो. बाटली हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी तासभर बाहेर काढा, नाहीतर थंड बाटलीत ओल धरते.