फूट-इंचांचे चौरस मीटर: संगणकावरच्या कॅल्क्युलेटरवर मापं कशी बदलावी

गिरगावातल्या आमच्या चाळीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, तेव्हापासून शेजाऱ्यांच्या खोल्यांची मापं मीच काढून देतो. टेप फूट-इंचांची, तोंडी बोलणं चौरस फुटांत आणि बिल्डरचे कागद चौरस मीटरमध्ये. यासाठी कुठलंही ॲप उतरवून घ्यायची गरज नाही. विंडोजमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

कॅल्क्युलेटर उघडून डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषांवर क्लिक करा, खाली सरका, 'कन्व्हर्टर'मधलं 'एरिया' निवडा. वर एक एकक, खाली दुसरं. एवढंच.

खरी अडचण त्याच्या आधी येते. टेपवर 10 फूट 10 इंच दिसलं की बहुतेक जण 10.10 टाकतात. मीही टाकायचो. कॅल्क्युलेटरला इंच कळत नाहीत. पॉइंटनंतर तो दहावे भाग मोजतो, आणि फुटाचे इंच बारा. त्याच्या लेखी 10.10 म्हणजे नुसतं 10.1. म्हणजे 10 फूट 2 इंचांची भिंत 10.2 झाली आणि त्याहून आठ इंच लांब असलेली भिंत तिच्यापेक्षा आखूड ठरली! 'थोडाफार फरक पडतो, चालतं' असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. आमच्या मजल्यावरची एक खोली 10 फूट 10 इंच बाय 12 फूट 11 इंच आहे. मी 10.10 गुणिले 12.11 केलं, उत्तर आलं 122.31 चौरस फूट. खरं क्षेत्रफळ 139.93. साडेसतरा चौरस फूट गायब, म्हणजे चार बाय चारची अख्खी मोरी. त्या काकूंनी तो कागद सहीला नेण्याआधी चूक सापडली म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी पॉइंट वापरतच नाही, आधी सगळ्याचे इंच करतो. त्याच तीन रेषांच्या यादीतल्या 'स्टँडर्ड'मध्ये, म्हणजे साध्या कॅल्क्युलेटरमध्ये, 10 गुणिले 12 अधिक 10, झाले 130. दुसरी बाजू वेगळी काढा: 12 गुणिले 12 अधिक 11, झाले 155. दोन्ही बाजू एका दमात टाकू नका, कारण 'स्टँडर्ड' डावीकडून येईल तसं करत जातो आणि उत्तर भलतंच येतं. 130 गुणिले 155 म्हणजे 20150 चौरस इंच. कंट्रोल-सी दाबून ते कॉपी करा, 'एरिया'त जाऊन वर 'स्क्वेअर इंचेस' ठेवा आणि कंट्रोल-व्ही दाबा. खाली 'स्क्वेअर फीट' निवडलं तर 139.93, 'स्क्वेअर मीटर्स' निवडलं तर जवळपास 13.

दुसरी चूक म्हणजे 'एरिया'ऐवजी 'लेंथ' उघडणं, किंवा 'मीटरचे 3.28 फूट' हे पाठांतर क्षेत्रफळाला लावणं. चौरस मीटरचे चौरस फूट 10.764 होतात. हे तपासायला एक आकडा लक्षात ठेवा: मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे आणि तीच मर्यादा कागदावर 46.45 चौरस मीटर असते. 500 टाकल्यावर 152.4 दिसलं, तर तुम्ही 'लेंथ'मध्ये आहात.

गावच्या सातबाऱ्यावर 0.40.50 असं क्षेत्र असतं, तिथेही पॉइंटच घोळ घालतो. ते हेक्टर, आर आणि चौरस मीटर आहेत. दुसरा पॉइंट काढा, पण शून्य एकही गाळू नका: 0.4050 'हेक्टर्स'मध्ये टाकलं की एक एकराहून किंचित जास्त येतं. गुंठा या यादीत नाही. एकरांच्या उत्तराला 40 ने गुणा, गुंठे मिळतील.