फ्रेमवर्क निवडा एका संध्याकाळी, वेळ द्या स्टेटला

जावास्क्रिप्टचे मॅप, फिल्टर आणि प्रॉमिस हाताखालून गेले आहेत असं धरून चालतो. गेले नसतील तर आधी ते करा.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. त्याच्या निवडीवर महिने घालवू नका. रिॲक्ट की व्ह्यू, यावर रात्र-रात्र भांडणाऱ्यांची एकही साइट पूर्ण झालेली नसते. नोकरी करायची तर संभाजीनगर-पुण्याच्या जाहिराती चाळा, जे नाव जास्त दिसेल ते घ्या. लातूर-परभणीत राहून दुकानांची, शाळांची कामं घ्यायची असतील तर लारावेल बरं. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत असल्यानं स्वस्तातल्या होस्टिंगवरही चालतं. फक्त जुन्या नोट्स घेऊ नका. अँग्युलरजेएस या जुन्या फ्रेमवर्कचा सपोर्ट २०२१ च्या अखेरीस संपला, रिॲक्टचा प्रोजेक्ट सुरू करून देणारं क्रिएट रिॲक्ट ॲपही २०२५ मध्ये मोडीत निघालं.

रिॲक्ट घेतलं असेल तर प्रोजेक्ट व्हीट या साधनानं सुरू करा. लागणारी पॅकेजेस, म्हणजे तयार कोड, वीज असताना चांगल्या नेटवर एकदाच उतरवून घ्या.

सरावाला कामांची यादी बनवू नका, ती सगळ्यांनी बनवलीय. लातूरच्या आडत बाजारासारखं भावांचं पान करा: सोयाबीन, तूर, हरभरा, भाव बदलता यावा, नवा माल जोडता यावा.

आता खरी अडचण. स्टेट, म्हणजे पानानं लक्षात ठेवलेली बदलती माहिती.

स्टेटमधल्या यादीत पुश करून तीच यादी परत दिली तर पडद्यावर काहीच हलत नाही. रिॲक्ट आतला माल मोजत बसत नाही, यादी तीच आहे की नवी एवढंच बघतं. म्हणून दर वेळी नवी यादी द्यायची.

भाव ४५०० आहे. एका क्लिकमध्ये ‘भाव अधिक ५०’ असं तीनदा सेट केलं तर ४६५० नाही, ४५५० दिसतो. त्या रेंडरमध्ये, म्हणजे पान रंगवण्याच्या त्या फेरीत, भाव तिन्ही वेळा ४५००च असतो. सेटरला, म्हणजे स्टेट बदलणाऱ्या फंक्शनला, आकडा नको, मागचा भाव घेणारं फंक्शन द्या.

युजइफेक्ट, म्हणजे रेंडर झाल्यावर काम चालवणारं फंक्शन, तर लोक लोणच्यासारखं ताटात सगळीकडं वाढतात. एकूण आवक बेरजेनं निघते ना? मग तिला स्टेटही नको, इफेक्टही नको. रेंडर होतानाच बेरीज करा. सर्व्हरवरून भाव आणायला इफेक्ट ठीक, पण काय बदललं की इफेक्ट पुन्हा चालवायचा ते सांगणारा डिपेंडन्सीचा ॲरे विसरलात तर भाव आले, स्टेट बदललं, पुन्हा मागणी, असं न थांबणारं चक्र लागतं. कोडमधल्या चुका दाखवणारा लिंटर त्या ॲरेबद्दल कुरकुरला तर त्याचं ऐका. इशारा बंद करायचा सल्ला देणाऱ्याचा व्हिडिओ बंद करा.

हे जमेपर्यंत राऊटर, रिडक्स, नेक्स्ट या पुढच्या साधनांना हात लावू नका. पान नेटवर चढवणं सोपं आहे: कोड गिटहबवर टाका, साइट चढवून देणाऱ्या नेटलिफायला जोडा, झालं.